हसऱ्याची नवी टाकी

४ मे, रविवार

पहिली आली कमरुन्निसा, खालच्या मजल्यावरची. चप्पल काढायच्या आधीच विचारते, काकू, कुठंय तुमचा पाहुणा? मागून शेजारची रूपा, मोबाईल उघडूनच. मग कडूबाई, गुडघा धरून जिना चढत. मला टायफॉईड झाला तव्हा तिला हा जिना चढवत नव्हता.

पाहुणा म्हणजे माझ्या नातीचा, श्रेयाचा अ‍ॅक्सोलॉटल. पाण्यातलं जनावर. वीतभर, गुलाबी, चार पाय, मानेला दोन्हीकडं लाल तुरे. श्रेया पुण्याला नोकरीला गेली, होस्टेलवाली बाई ठेवू देईना. मोठी टाकी आणली, त्यात त्याला सोडलं आन् काल ट्रॅव्हल्सनं गेली. रूम मिळाली की नेणार. जाताना डोळे पुसत म्हणाली, आजी, एवढं जगव.

जगव म्हणाली! तसं भ्यायचं काय कारण? सातव्या महिन्यात झालेला नानासाहेब जगवला मी, आता शेंद्र्याला कंपनीत सुपरवायझर हाय. मी भीत नाय. फक्त टाकीकडं पाहवत नाय.

नाव ठेवलं हसऱ्या. तोंड कायम हसरं. बायका आल्यावर तर लईच हसलं. घर कसं भरल्यासारखं वाटलं.

५ मे

श्रेयाचा फोन. नव्या टाकीत ते बुजतं म्हणे. गर्दी नको, उजेड नको, काचेवर टकटक नको. मी व्हय व्हय म्हणलं. मागं रूपाच्या पोरी टकटक करतच होत्या. श्रेयाला म्हणलं, पंखा वाजतोय.

नवीन घरात कोणी आलं तर चार माणसं पाहायला येणारच. नाय आली तर कसं दिसतं!

तरी उद्यापासून कोणालाच आत घ्यायचं नाय. पक्कं. रूपाच्या सासूचं तेवढं राहिलंय.

७ मे

खात नाय. गांडूळ चिमट्यानं समोर धरलं, डोळे मिटून. माझे. त्यानं तोंड फिरवलं. तुरे पुढं वळलेत. कडूबाई म्हणली, लाजतंय. मला पटलं. फोटो श्रेयाला नाय पाठवला, तिला ऑफिसात कामं असतात.

ऊन लई. पाणी गार राहावं म्हणून बर्फाची बाटली टाकीत सोडते. नानासाहेब म्हणला, आई, मी उन्हातून आलो तर साधं सरबत नाय, आन् ह्याला एसी!

हसायला आलं नाय. जेवण गेलं नाय मला.

८ मे, दुपारी

सापडलं! दृष्ट लागली. एवढ्या बायका पाहून गेल्या, लागणारच. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेतल्या, टाकीवरनं उतरवायला लागले. आल्यागेल्याची, पापी चांडाळाची. कडूबाईचं नाव मनातच घेतलं, ती शेजारीच उभी होती. तेवढ्यात हसऱ्यानं सपकन उसळी मारली. मी दचकले. मूठ उघडली.

सगळं पाण्यात.

८ मे, संध्याकाळी

हसऱ्या काचेवर धडका देत होतं. रूपा व्हिडिओ काढत होती. कमरुन्निसा ओरडली, काकू, पहले उसको निकालो! नळ आज नाय, आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतो. आन् नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, ते ह्याला बाधतं. मग माठ आठवला. परवाचं पाणी, गार. बादलीत उपडा केला.

आता हात कोण घालणार? सगळ्या माझ्याकडं पाहायला लागल्या. घातला. लोण्यासारखं मऊ अंग. धडधड त्याची का माझी, कळंना.

श्रेयाला फोन लावला, खरं सांगितलं. मोहरीसकट. ती रडली. मग म्हणाली, आजी, ते हसत नसतं गं. त्याचं तोंडच तसं हाय. घाबरलं तरी तसंच दिसतं.

म्हणजे रविवारपासून ते घाबरलेलंच होतं. आन् मी बायकांना म्हणत होते, पाहा कसं खुलतंय.

९ मे

बादली अंधारात, वर ओलं फडकं. श्रेया फोनवर सांगत गेली तसं नानासाहेबानं टाकी साफ करून साठवणीचं पाणी भरलं. बेल वाजली, मी उघडलं नाय. कडूबाई जिन्यातनं ओरडली, वारलं का गं? देवा, तिच्या तोंडाला काय म्हणावं. फडकं सारखं उचलून पाहते. हलंना तर माझा श्वास अडकतो. हललं तरी दचकते.

११ मे, रविवार

सकाळी टाकीत सोडलं. खिडकीला जाड चादर. मातीची कुंडी आडवी ठेवली, तिच्यात जाऊन बसलं. दुपारी गांडूळ धरलं, डोळे उघडे ठेवून. गटकन गिळलं! मी एकटीच टाळ्या वाजवल्या, मग गप झाले, बुजंल म्हणून. श्रेयाला शब्द दिला, तू येस्तोवर ह्या घरात चिटपाखरू येणार नाय.

संध्याकाळी

एवढा आनंद पोटात राहतो व्हय? कमरुन्निसाला सांगितलं, फक्त तिलाच, जिन्यातच. ती म्हणली, काकू, मुबारक! गंगापूरहून नणंद येतीय, तिनं रूपाचा व्हिडिओ पाहिला, पोरं लई मागं लागलीत. कडूबाई खालनं म्हणली, मीबी हाय. रूपाची सासू म्हणली, माझं राहूनच गेलंय.

मी नाय म्हणणारच होते. तोंडातनं निघालं, या ना, भजी करते.

चादर अजून जाड लावली.

गंगापूरची सगळी जीप करून येणार हायत. येत्या रविवारी.