दुरुस्तीचा तास

१७ नोव्हें. १९५३, इंदूर
इंग्रजी निबंध-दुरुस्तीच्या तासाला आज तिघंच. जुलैत वर्ग भरलेला असायचा. फर्स्ट इयरला सगळं एकदम इंग्रजीत, पोरं गळणारच. कॉलेजने हा तास माझ्या गळ्यात फुकट मारलाय, तरी सोडवत नाही.
कमल मात्र रोज येते. वडील मानपूरला मोटार-स्टँडवर तिकिटं फाडतात, ही इथं तुकोगंजात मामांकडे राहते. आज तिचा, इंग्रजीच्या हेडसाहेबांना द्यायचा, निबंध मीच पुन्हा सगळा लिहून दिला. समजावत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. झालाय झकास.

१९ नोव्हें.
वाटोळं. हेडसाहेबांनी कमलला भर वर्गात उभं करून तिच्याच निबंधातल्या 'नॉटविथस्टँडिंग'चा अर्थ विचारला. आला नाही.
"किसका माल है ये?"
तिने माझं नाव घेतलं नाही. शून्य मार्क, वर टर्म नामंजूर करून परीक्षेला बसू न द्यायची धमकी.
मी शेजारच्याच वर्गात शिकवत होतो. सगळं ऐकू येत होतं. तिकडे गेलो नाही. माझी नोकरी पक्की व्हायची ती साहेबांच्या सहीने. थू माझ्यावर.

२१ नोव्हें.
काल, आज कमल नाही. मामांकडे गेलो.
"मानपूरला पाठवून दिली, सरजी. जेवत नव्हती. बस हो गया, आता लग्नाचं बघू."
तिथून तसाच साहेबांच्या बंगल्यावर. सांगून टाकलं, निबंध माझा. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग, "सोमवारी माझ्यासमोर बसून लिहू दे तिला. तुमचं नंतर बघतो."

२२, रवि.
मानपूर. वडील साधे. "तुम्ही म्हणता तर भेजून देतो, सर."
कमलची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, इतक्या महिन्यांत माझं एक तरी वाक्य तुम्ही तसंच ठेवलं का? मला लिहिता येतं की नाही, हेच मला माहीत नाही."
 संध्याकाळच्या मोटारीने परत.

२३ नोव्हें.
आली, सकाळच्या मोटारीने. विषय 'माझं गाव'. मी साहेबांच्या खोलीच्या दारात उभा.
पहिली ओळ लिहून तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. बरोबर की चूक, तिचं तिलाच ठरवू दे म्हणून मी मान हलवली नाही. तिने पेन खाली ठेवलं.
साहेबांनी मला हाताने खूण करून जायला सांगितलं. स्टाफरूममध्ये बसून हे लिहितोय. ती लिहितेय की नाही, माहीत नाही; तिची वेळ संपायला अजून वीस मिनिटं आहेत.