पाहुण्यांसमोर खोकायचं नाही

सोनई, १ डिसेंबर २०२५

चि. सौ. प्रज्ञा हिस अण्णाचा जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? जावई भीमराज यांचं पित्त? विहीणबाईंचे गुडघे थंडीनं कुरकुरत असतील. तुझ्या नणंदेला, ज्योतीला, सात तारखेला पाहुणे बघायला येणार ना? तिला म्हणावं, पोह्यांत मीठ विसरू नको, नाहीतर आमच्या प्रज्ञाच्या आईसारखी शोभा व्हायची! आणि चार वर्षांची आमची नात दिशा? या दिवसांत तिची छाती वाजते. दम्याचा पंप हाताशी ठेव. बाकी सगळं उसनं मिळतं, श्वास मिळत नाही.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
अण्णा

केडगाव, १० डिसेंबर २०२५

ती. अण्णांस सविनय जयभीम.

दिशा जिवंत आहे, हे आधी लिहिते. दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे.

दमा घराण्यातच आहे असं पाहुण्यांना वाटेल, म्हणून सासूबाईंनी पंप अन् त्याची मास्कची नळी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. फोडणीचा ठसका मागच्या खोलीत आला नि दिशाला दम लागला. चार माणसांत जाऊन किल्ली कशी मागू, म्हणून मी पाठच चोळत बसले. तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, शब्द फुटेना, ओठ निळे पडले, तेव्हा ओरडले. यांनी वरवंट्यानं कुलूप फोडलं. पंप देत देतच रिक्षानं दवाखाना गाठला. आणखी उशीर झाला असता तर आमच्या हाती काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

पाहुण्यांनी नकार कळवला. एकवीस तारखेला दुसरे येतायत. तेव्हा खोकणाऱ्या पोरीलाच शेजाऱ्यांकडे ठेवू, असं सासूबाई तिच्या खाटेपाशीच बोलल्या. तेव्हापासून नर्स आत आली तरी दिशा मास्कवर हात दाबून खोकला गिळते.

तुमची,
प्रज्ञा

सोनई, १३ डिसेंबर २०२५

चि. प्रज्ञा हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् तसाच लिहायला बसलो. भीड ही भिकेची बहीण, बाळा. विहीणबाईही लेकीच्या काळजीनं आंधळ्या झाल्या. पण त्यांना सांग, वीसलाच मी येतोय. दिशा घरी आली असेल तर बैठकीत माझ्या मांडीवर बसेल अन् पंप पोह्यांच्या ताटाशेजारी. तो बघून ज्याला उठायचं त्यानं खुशाल उठावं. दम लागला की आधी पंप, लगोलग गाडी. लाज उंबऱ्याबाहेर.

दिशाच्या कानात सांग, आजोबाला हल्ली कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं खोक. तिचा हात तोंडावरून निघाला का, एवढं लगेच कळव.

तुझा,
अण्णा