शोफरमामांचं फ्रेंच

ता. ४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र ताईला दाखवू नकोस. तुझी आई माझी थोरली बहीण खरी, पण थट्टा करायला लागली की थांबत नाही.

रात्री समोरून गाडी आली की हल्ली माझे डोळे दिपतात, म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. अठ्ठावीस वर्षं हॉटेलचा शोफर होतो. मॅनेजरसाहेबांनी भलेपणानं भोजनगृहात वेटर म्हणून घेतलंय, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाहीतर घरी.

टेबलं लावणं, बशा उचलणं जमतं गं. घोडं अडलंय ते मेनूवर. निम्मी नावं फ्रेंच! जेवणाआधीच्या खाण्याचं नाव काल मी 'हॉर्स' असं वाचायला सुरुवात केली, तर एका बाईंनी विचारलं, की इथे घोडा खायला घालता का? आमचे हेडवेटर भिंतीकडे तोंड करून हसत होते. त्यांचे उच्चार अगदी घोटीव.

तू शाळेत फ्रेंच शिकवतेस. छप्पन्न वर्षांचा विद्यार्थी घेशील?

तुझा,
मामा

ता. ११ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खो-खो हसले आणि मग तुमची फार काळजी वाटली. पण मामा, शरमायचं कशाला? अहो, 'शोफर' हा शब्दच फ्रेंच. गॅरेज फ्रेंच, डेपो फ्रेंच. मेनू, कूपन, बुफे, ऑम्लेट, सगळे तिथलेच. इतकी वर्षं फ्रेंच बोलून वर मलाच गुरू करताय!

सोबत यादी आहे. तुमच्या घोड्याचं खरं नाव 'ऑर दव्र'. 'सोते' म्हणजे तव्यावर चटकन परतलेलं, 'फिले' म्हणजे बिनहाडाचा तुकडा आणि 'पुरे' म्हणजे घोटून मऊ केलेलं. उच्चार चुकला तर चुकू दे. मात्र प्रत्येक पदार्थात काय काय पडतं, ते शेफना स्वतः विचारून घ्या. लोकांना नाव खायचं नसतं.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची,
ठमी

ता. २० एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या 'पुरे'नं माझी फजिती केली! एका आजोबांना वाढताना मी अदबीनं 'बटाट्याचं पुरे' म्हणालो, तर ते रागावले. अजून सुरुवातही केली नाही आणि पुरे काय म्हणता, असं म्हणाले.

हसू नकोस. परवा साहेबांनी सगळा मेनू मोठ्यानं वाचायला लावला. अकरा चुका झाल्या. मे अखेरीस बघू, एवढंच बोलून ते उठले. मामी वरवर काही म्हणत नाही, पण दोनदा भाजीत मीठच घातलं नाही.

तू सांगितल्याप्रमाणे रोज अर्धा तास लवकर जाऊन शेफजवळ उभा राहतो. आधी ते वैतागायचे, आता स्वतःहून झाकणं उघडून दाखवतात.

तुझा,
मामा

ता. ३० मे

चि. ठमीस खूप खूप आशीर्वाद.

बस, आणि मग वाच. मंगळवारी एका आजींनी बसल्या बसल्याच आम्हा वेटरांना सांगितलं, की सुक्या मेव्याचा कण जरी पोटात गेला तरी त्यांचा घसा आवळतो. जेवणाच्या शेवटी हेडवेटरांनी त्यांना चॉकलेटचा केक सुचवला. 'प्रालीन' वगैरे नाव असं काही म्हटलं, की ऐकत राहावं. बदाम कुठे दिसत नव्हते. मी शेजारच्या टेबलावर पाणी ओतत होतो. आजींनी चमचा उचलला आणि माझ्या तोंडून इतक्या जोरात 'थांबा' निघालं, की सगळं भोजनगृह वळून बघायला लागलं. प्रालीन म्हणजे साखरेत परतून वाटलेले बदाम. शेफनी ते माझ्यासमोर वाटले होते.

आजींच्या लेकीनं माझा हात धरला. आजींनी बशी दूर सारली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, ओरडलो म्हणून काढणार. त्यांनी कायम केल्याचं पत्रच पुढे ठेवलं. आता रोज वाढप सुरू व्हायच्या आधी कशात काय आहे ते मी सगळ्यांना सांगायचं, असंही ठरलं. हेडवेटर दाराशी थांबले होते. चूक माझी होती, असं सरळ म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की तुम्ही मला जिन्नस सांगाल का, मी तुम्हाला उच्चार सांगतो. आम्ही दोघेही पोटभर हसलो.

घरी आलो तर मामी जिन्यात उभी. मी नुसतं पत्र वर करून दाखवलं. ती तिथेच पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, की आधी बूट काढा, कधीपासून पाय दुखत असतील. खरंच दुखत होते गं. तीन महिन्यांत मला ते कळलंच नव्हतं.

भाची म्हणून लोभ आहेच, गुरू म्हणूनही या मठ्ठ विद्यार्थ्यावर राहू दे.

तुझा,
मामा