ओढ्यावरचा तिसरा बॉक्स

आण्णा,

गेल्या पंधरवड्यात मी बेंबळीत होते. तिथल्या एका दवाखान्याच्या खोल्या आमच्या यार्डातून तयार होऊन गेल्या, भिंतीही आणि छतही. सोमवारी पहिली भिंत ट्रेलरवरून उतरली आणि पुढच्या बुधवारी छताचा शेवटचा तुकडा बसला. उन्हाळा आहे, गावात टँकर दोन दिवसांआड येतो. आम्हाला फक्त सांधे भरण्यापुरतं पाणी लागलं, ते आम्ही पिंपातून बरोबर नेलं होतं. छताखाली एकही टेकू नव्हता. क्रेन तुकडा उचलते तेव्हा खाली कुणी थांबायचं नाही असा नियम आहे, आणि तो मी गळ्यातली शिट्टी वाजवून पाळायला लावते. शेवटचा तुकडा बसला, लोक चहाला गेले आणि मी एकटीच त्या छतावर उभी राहिले. तिथून दोन गल्ल्या पलीकडचं ते घर दिसतं. त्याला आता वरचा मजला झालाय, फिकट हिरवा रंग दिलाय. गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या घराबद्दल आपण दोघं आयुष्यात एकदाच बोललो, आणि तेही मी बोलले, तुम्ही नाही.

मी तेव्हा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. आईनं तुमचा डबा माझ्याकडं दिला होता. तुम्ही आपल्या मुरुम गावापासून इतक्या लांब त्या घराच्या स्लॅबचं काम घेतलं होतं आणि चार दिवस त्याच गावात मुक्काम करून होतात. मी एसटीतून उतरून चालत येते तेव्हा मिक्सर चालू आहे. काँक्रीटचा माल पाट्यांतून वर चाललाय, आणि पाट्या वाहणाऱ्यांत आपल्या गल्लीतली काकू आहे. तिनं पंधरा वर्षं तुमच्याबरोबर काम केलं होतं. माझ्या हातातला डबा बघून ती वरूनच हसते. आधीचे दोन दिवस पाऊस झालेला. टेकूंच्या खालची माती काळी, भिजून फुगलेली. तुम्ही मालकाला सांगितलं होतं की चार दिवस थांबू, जमीन वाळू दे. मालक म्हणाला, मिक्सर आलाय, माणसं आलीत, आता कसलं थांबता. तुम्ही प्रत्येक टेकूखाली फळी सरकवली आणि काम सुरू केलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त आवाज ऐकू आला. फार मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर टाकावं, तसा. मग मिक्सर तसाच फिरत राहिला, कारण तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

टेकू खचून स्लॅब खाली आला होता आणि तुम्ही हातांनी माल उपसत होता. फावडं घेतलं नाही, फावडं तिला लागेल म्हणून. काकू जिवंत निघाली. तिचा उजवा पाय गुडघ्यात पुन्हा कधी वाकला नाही. मालक म्हणाला, देवाची मर्जी. गावातले लोकही तेच म्हणाले, काकूच्या घरचेही तेच म्हणाले. कुणी तुम्हाला काही विचारलं नाही. त्यानंतर तुम्ही स्लॅबचं काम घेतलं नाहीत. भिंती बांधल्यात, गिलावा केलात, कुणाच्या विहिरीचं कडं दुरुस्त केलंत. स्लॅबची वेळ आली की दुसऱ्या गवंड्याचं नाव सांगायचात. आई विचारायची तेव्हा म्हणायचात, आता वर चढवत नाही.

पॉलिटेक्निक संपल्यावर मी ढोकीच्या पुढच्या यार्डात नोकरी धरली. तुम्ही जेवत होता. आई भाकरी थापत होती. मी सांगितलं की तिथं भिंती, छत, ओढ्यावरच्या पुलाचे चौकोनी पोकळ बॉक्स, सगळं साच्यात ओततात आणि तयार झालं की गाडीतून नेऊन बसवतात. तुम्ही घास खाली ठेवलात. म्हणालात, "भिंत बांधायची असती, बाई. आणून उभी करायची नसती." मग पाणी प्यायलात आणि उठलात. ताटात अर्धी भाकरी राहिली, जी तुम्ही कधी ठेवत नव्हता. आई माझ्याकडं बघून म्हणाली की त्यांच्या हातातलं काम तू काढून घ्यायला निघालीस, दुसरं काय वाटणार त्यांना. मी ते काम का धरलं हे तेव्हाच सांगायला हवं होतं. ज्या दिवशी काकू मालाखालून निघाली, त्याच दिवशी माझं ठरलं होतं. पण ते सांगायचं तर बेंबळीचं नाव घ्यावं लागलं असतं.

पुढं एकदा तुम्ही न सांगता यार्डात आलात. ऊस गाळपाचे दिवस होते, ढोकीचा रस्ता ट्रॅक्टरांनी भरलेला, तुमची एसटी तासभर अडकली असणार. वॉचमननं मला निरोप दिला की तुमचे वडील गेटपाशी उभे आहेत. धुतलेली टोपी, कडक पायजमा, पाहुण्यांकडं जातात तसे. मी तुम्हाला सगळं दाखवलं. शेडखाली साचे, त्यांत बांधून ठेवलेलं लोखंड, माल ओतल्यावर खालून थरथरणारं टेबल. माल सावलीत पडतो, वाऱ्यानं सुकत नाही, नंतर हौदात दिवसचे दिवस मुरतो आणि हौदातलं पाणी तेच ते पुन्हा वापरलं जातं. पाट्या वाहणाऱ्या बायका इथं नाहीत. ज्या बायका आहेत त्या लोखंड बांधतात, सावलीत बसून, आणि संध्याकाळी वेळेवर घरी जातात. रोजच्या मालाचे ठोकळे काढून, ते मुरले की यंत्रात घालून फोडतात, ते मी तुमच्यासमोर फोडून दाखवलं. कुणाच्या डोक्यावर जाण्याआधी इथं मालाची परीक्षा होते, हे मी तुम्हाला म्हणाले. मला ते वाक्य आवडायचं. आजही मी ते आलेल्या लोकांना सांगते.

तुम्ही थप्पीतल्या एका स्लॅबला बोटांच्या सांध्यांनी टकटक केलंत, कान लावलात. मालाला नाव ठेवलं नाहीत. कोपरा हातानं चाचपलात आणि म्हणालात, धार चांगली आलीय. मग विचारलंत, "हे कुणी केलं?"

मी म्हणाले, अकरा जणांनी आणि यंत्रानं.

"नाव कुणाचं?"

मी सांगितलं की नाव नसतं, नंबर असतो, आणि कडेला रंगवलेला नंबर दाखवला.

"नंबराला कोण इचारतंय, बाई? म्या बांधलेलं पडलं तर लोक माज्या दारात येत्याल. ह्ये पडलं तर कुनाच्या दारात जायचं?"

तुम्ही रागानं बोलला नव्हता. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. याला नीट उत्तर होतं. नंबरावरून दिवस कळतो, माल कळतो, सिमेंटची गाडी कळते, साचा कुणी भरला तेही कळतं. मी हे सगळं सांगू शकले असते. मी म्हणाले, "आण्णा, बेंबळीत कोण आलं होतं तुमच्या दारात?"

शेडमधलं टेबल चालू होतं, त्यामुळं बाकी कुणी ऐकलं नसेल. तुम्ही ऐकलंत. ऑफिसातला चहा पूर्ण प्यायलात, कप बशीत नीट ठेवलात, वॉचमनला राम राम केलात आणि गेलात. मी गेटपर्यंत आले होते. तुम्ही म्हणालात, जा, तुझं काम असंल. त्यानंतर सहा महिने आपण घरात आईमार्फत बोललो.

पुढं तुमचं तेरावं झाल्यावर काकूनं मला सांगितलं की बेंबळीनंतर दर सोमवारी तुम्ही तिच्या दारात जाऊन बसायचात. "बोलायचे काय न्हाईत," ती म्हणाली. "पायाकडं बघायचे, च्या प्यायचे, जायचे. म्याच म्हनायची, जावा आता, उन व्हतंय." तुमच्या दारात कुणी आलं नव्हतं, म्हणून तुम्हीच गेला होता. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर मी तसं बोलले नसते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तेवढी खात्री आता वाटत नाही.

त्या सहा महिन्यांच्या शेवटी ओढ्याचं काम आलं. मुरुमच्या अलीकडचा ओढा, पलीकडं तीसेक घरांची वस्ती. पावसाळ्यात पोरं शाळेला यायची थांबायची, बाळंतपणाच्या बायकांना आधीच इकडं आणून ठेवायचे. दोनदा तिथं पूल ओतायला घेतला होता आणि दोन्हीदा परतीच्या पावसात सेंट्रिंग वाहून गेलं होतं. आम्ही काळी माती काढून मुरूम दाबला, वर काँक्रीटचा थर दिला आणि सहा बॉक्स ट्रेलरवरून आणले. यार्डाबाहेरचं माझ्या जबाबदारीवरचं ते पहिलं काम. वस्तीतले लोक सकाळपासून काठावर बसले होते. त्यांच्यात तुम्हीही होता, बाभळीच्या सावलीत, टोपी गुडघ्यावर. आईनं सांगितलं असणार. मी तुमच्याकडं आले नाही. कामात आहे असं दाखवलं, आणि कामात होतेही.

पहिला बॉक्स बसला, दुसरा त्याला टेकून बसला. तिसरा बसला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि क्रेन संध्याकाळी दुसऱ्या साइटवर जायची होती. क्रेनवाला साखळी सोडायला निघाला. तेवढ्यात तुम्ही काठावरून उतरून आलात, चप्पल हातात घेऊन, चिखलातनं. माझ्यापासून दोन पावलांवर थांबलात आणि हळू आवाजात म्हणालात, "तिसरा मान खाली घालून बसलाय."

क्रेनवाला म्हणाला की वर माती पडल्यावर काय दिसतंय, सांधा मालानं भरून घेऊ. तुम्ही त्याच्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघत होता. म्हणालात की ते एक टोक बसतंय, खालचा मुरूम तिथं नीट दबला न्हाय. आज बोटभर हाय, बैलगाडी गेली की वाढंल. मी म्हणाले, "मी बघितलंय, आण्णा. साखळी सोडू नका, उचलायचाय." लेव्हल लावली, फरक निघाला. बॉक्स उचलला, तो कोपरा उकरून पुन्हा दाबला, वरचा थर नव्यानं दिला. क्रेन थांबवून घेतली म्हणून ऑफिसमधून बोलणी खाल्ली. तीन दिवसांनी तिसऱ्यासकट राहिलेले चारही बसले. त्या पावसाळ्यात ओढा दोनदा भरून वाहिला आणि लोक वरून चालत राहिले. अजूनही तो पूल सरळ आहे. मी दर वर्षी जाऊन बघते.

त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलायला लागलात. स्टँडजवळच्या हॉटेलात तुम्ही लोकांना सांगायचात ते मला दोघातिघांनी येऊन सांगितलं. "माझी पोरगी, बसलेला बॉक्स उचलायला लावला तिनं. म्या सांगायला गेलो तर म्हनली, मी आधीच बघितलंय. तिची नजर माज्यावर गेली." त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. लोकांनी माझ्यासमोर तुमची जी आठवण काढली, ती हीच.

तेव्हा बसवर, रस्त्याच्या पाट्यांवर उस्मानाबाद होतं, आता धाराशिव आहे. गवंड्यांची कामं कमी झालीत हेही खरं, आणि त्यातले दोघं आमच्याकडं सांधे भरायला येतात. हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच आहे. ऑफिसात बसून लिहिलाय, घरी नेणार नाही, आईच्या हाती लागायला नको.

मी आधीच बघितलं होतं, हे खोटं नव्हतं. बॉक्स खाली टेकल्या टेकल्या वरचा सांधा फाकलेला मला दिसला होता. क्रेनला उशीर होत होता, माणसं बघत होती, आणि काठावर तुम्ही बसला होता. तुमच्यासमोर बसलेला बॉक्स उचलावा लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तुम्ही चिखलात उतरला नसतात तर मी साखळी सोडू दिली असती.