खंदकाच्या खेळातली नावं

२१ नोव्हेंबर १९७१, कोरेगाव
आजवर या हातांनी केलेलं: दोन बँडचा रेडिओ. गिरणीच्या मोटरचं वाइंडिंग, बाकीच्यांनी नाही म्हटल्यावर. देवळाचा भोंगा. हिची शेगडी. आणि आजपासून लढाईचा खेळ. शिकवलं कुणी नाही.

खेळ असा. काचेखाली माळरान. त्यावर नऊ जवान, म्हणजे टॉर्चचे नऊ बल्ब. खंदक चारच. कुणाला आत घ्यायचं, कुणाला तोफेवर ठेवायचं, हे खेळणाऱ्यानं आधी ठरवायचं. मग सायकलच्या चेनवरून विमान येतं. ते तोफेच्या बरोबर वर आलं की बटण. चुकलं की आतला खिळे मारलेला रूळ फिरतो आणि उघड्यावरचा एक दिवा जातो. पहाटेचा तांबडा बल्ब लागेपर्यंत उरले ते वाचले.
औंधच्या जत्रेत मांडायचा विचार.

२४ नोव्हें.
जवानांना नुसते आकडे होते. दुकानात बसणारे म्हणाले, नावं घाला की. आमच्या आळीतले पलटणीत आहेत ते आठ, म्हणून एक बल्ब काढला. भोक बुजवून पॉलिश मारलं, सांगितल्याशिवाय दिसणार नाही. नावं बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगात. आपल्या पोराचं, सुभाषचं, तिसरं. अक्षर छापल्यासारखं आलं.
ही बघून गेली.

४ डिसें.
लढाई लागली. सकाळी रेडिओवर. सुभाषचं पत्र दिवाळीचं, त्यानंतर नाही. पत्त्यात गाव नसतंच, नुसता नंबर. नकाशा काढला आणि परत ठेवला. काय बघायचं त्यात.

६ डिसें.
दुकानात गडी खेळत होते. तुकारामची आई हौसाबाई दाराशी येऊन थांबल्या. वाचता येत नाही त्यांना, पण मनीऑर्डरीमुळं लेकाचं नाव ओळखतात.
"आवं मिस्त्री, आमच्या तुक्याचा दिवा का इझला?"
खेळ आहे तो, म्हणालो. झाकण उघडून रूळ दाखवला, खिळे दाखवले. त्यांनी नीट बघितलं.
"खेळच हाय न्हवं? मग तुमच्या सुभाषचा इझवून दावा बगू."
हात उचलला. बटण माझंच, वायर माझी, आत काय आहे ते मला पाठ. हात काही पुढं जाईना.
खेळ बंद केला. आठही दिवे लावून ठेवले.

८ डिसें.
आता बाया येतात. पाण्याला जाता-येता. कळशी बाहेर ठेवायची, आपल्या नावाचा दिवा बघायचा, जायचं. सेल उतरायला लागले म्हणून लाइनवर घेतलं, तर दुपारी लाइनच गेली. आठही एकदम. तेव्हा विठ्ठलची बायको शकू दारात होती. माझ्याकडे जी बघितली ती...
ट्रकची बॅटरी आणून जोडली. आता जायचे नाहीत.

दत्तू शिंपी म्हणाला, "मिस्त्री, तुमी तर देऊळच काडलंसा. दक्षिणा कुटं ठेवायची?" हसलो. तो वळल्यावर सुभाषचा बल्ब पुन्हा आवळून बघितला. घट्टच होता. सकाळपासून घट्टच आहे.

११ डिसें.
तार आली. पोस्टमननं दुकानासमोर सायकल हळू केली. मग तो पुढं गेला, विठ्ठलच्या घराकडं.
विठ्ठल गेला.
त्याचा दिवा लागलेला होता. लख्ख.
सायकल पुढं गेली तेव्हा मला हलकं वाटलं. इथं लिहितो, दुसरीकडं कुठं बोलणार.

१२ डिसें.
दिवा काढावा की ठेवावा. माझ्या कामात आजवर खोटं काही राहिलेलं नाही. शेवटी विठ्ठलच्या वडिलांनाच जाऊन विचारलं. म्हातारा म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या. त्यो काडला तर बाकीच्यांच्या आयांनी काय म्हनून बगायचं?"

हौसाबाई आज आल्या नाहीत. चावडीपाशी गाठ पडली.
"इठ्ठलचा लागलेला हुता न्हवं? मग कशाचा भरवसा धरायचा, मिस्त्री?"
म्हणजे सुभाषचाही...

१७ डिसें.
काल लढाई थांबली. रस्त्यात गुलाल. मी दुकानातच बसलो. थांबली ती काल, पण त्याआधीचे दिवस आहेतच.

२२ डिसें.
तुकारामचं कार्ड आलं. हौसाबाई गुळाचा खडा घेऊन आल्या, तो सुभाषच्या नावापुढं ठेवला. "ईल. लय पत्रं अडकल्यात म्हनं." बाकीच्यांचीही आली एकेक. आपल्याकडं नाही. पोस्टमनच्या वेळेला ही आत जाऊन भांडी घासते. घासलेलीच.

२७ डिसें.
सांगलीहून तंबूवाला आला, जत्रांतून खेळ मांडणारा. यंत्राभोवती दोनदा फिरला.
"नावं हायती तशीच ठिवा. त्यातला एक खराच गेलाय म्हनं. लोक रांग लावत्याल बगा."
राग यायला हवा होता. मी विचारलं, नेणार कसा? ट्रकनं, म्हणाला. बॅटरी सोडवायची, चौघांनी उचलायचा, औंधला गेल्यावर परत जोडायचा.
म्हणजे तेवढा वेळ बंद.
ही मधल्या दारात येऊन उभी होती. हात ओले. माझ्याकडं बघत नव्हती, काचेकडं बघत होती.
तंबूवाल्यानं नोटा टेबलावर ठेवल्या, वर हात ठेवून बसला. पुन्हा येतो म्हणाला, विचार करा.
पत्र आजही नाही. मी त्याला तिथंच नको म्हणून सांगितलं. बाराशे रुपये देत होता, रोख.