सुंदराच्या नावाचा ओटा

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं. सुंदराच्या वर्षश्राद्धाच्या आत स्वयंपाकघरातला ओटा बदलायचा. "ओट्याचं काहीतरी करा हो," असं ती किती वर्षं म्हणत होती. मी टाळत नव्हतो. आधी कंपनीचं शटडाऊन असायचं, मग मुलाचं, स्वप्नीलचं लग्न आलं, मग माझी निवृत्ती. ओटा राहिला. ती गेली.

जुना ओटा काळ्या कडप्प्याचा. वाईट नाही. घर बांधलं तेव्हा मी स्वतः गवंड्यासमोर उभा राहून माझ्या कंबरेवरून उंची दिली होती, वाकावं लागू नये म्हणून. खाली सुंदराचा लाकडी पाट अजून तसाच आहे. त्यावर उभी राहून ती भाकऱ्या थापायची. सवय झाली होती तिला.

८ जानेवारी

कर्जत रस्त्याला झहीरच्या दगडांच्या गोडाऊनला गेलो. तो म्हणाला, काका, किचनला काळा ग्रॅनाइट घ्या, हळद सांडा, लिंबू पिळा, काय होत नाय. मी म्हटलं, पांढरा संगमरवर दाखव. म्हणाला, मार्बल म्हणजे जावई घरात ठेवून घेण्यासारखं हाय. रोज मर्जी सांभाळायला लागते.

पांढराच हवा. कारण आहे. सुंदराची भाची सुप्रिया हिच्या कर्जतच्या फ्लॅटची वास्तुशांत होती. तिथल्या पांढऱ्या ओट्यावर दोन्ही हात टेकून सुंदरा बराच वेळ उभी होती. मी दारातून हाक मारली, चल, उशीर होतोय. ती लगेच आली.

१० जानेवारी

झहीरने नमुन्याला तुकडा दिला. रसायनीच्या लॅबमध्ये आयुष्य गेलं, तपासल्याशिवाय घेणार नाही. एका कोपऱ्यात लिंबू, एका कोपऱ्यात हळद, मध्ये कोकमाचं आगळ. रात्रभर ठेवणार.

११ जानेवारी

लिंबाखालची चकाकी गेली. हळदीचा पिवळा डाग. आगळाने दोन्ही केलं.

नोकरीत बाटलीभर नमुना बघून अख्खे टँकर परत पाठवले आहेत. पण दगडाची गोष्ट वेगळी. एवढ्याशा तुकड्यावरून पूर्ण लादीबद्दल मत करून घेऊ नये. शिवाय डाग आत मुरू नयेत म्हणून वरून लावायचा सीलर मिळतो. ऑर्डर दिली.

१९ जानेवारी

नवनाथ गवंड्याने जुना कडप्पा काढला. उंची किती ठेवू, विचारलं. मी म्हटलं, आहे तेवढीच. सुंदराच्या वेळची. बोटभरही फरक नको. बोलताना चष्मा काढून पुसला. नवनाथने टेपकडे बघितल्यासारखं केलं.

सून अक्षदा म्हणाली, बाबा, उंचीचं जरा बघा ना. तिला म्हटलं, आठवण आहे, तशीच राहू दे. कडप्पा फेकून द्यायला सांगितला.

२३ जानेवारी

ओटा बसला. दुधासारखा. पाट पुसून परत खाली ठेवला. मनावरचं ओझं निम्मं उतरलं. उरलेलं सीलर लावल्यावर उतरेल.

२५ जानेवारी

सीलर लावला. नियम सांगितले. लिंबू, कोकम, चिंच, टोमॅटो ओट्यावर कापायचे नाहीत. हळदीचा डबा ताटात. ओल्या भांड्याचा तळ टेकवायचा नाही. व्हिनेगर घरातच नको.

अक्षदाने विचारलं, आणि स्वयंपाक?

काळजीपूर्वक, असं सांगितलं.

२८ जानेवारी

ओट्यावर गोल डाग. पुसून जात नाही. सगळ्यांना विचारलं. स्वप्नील म्हणाला, बाबा, लिंबाचा चहा या घरात तुम्हीच पिता. मी तपासलं, कपच सदोष आहे, खालून गळतो. कप टाकून दिला. डागावर सुंदराचा फोटो ठेवला.

२ फेब्रुवारी

अक्षदाने शेगडी मागच्या पडवीत नेली. म्हणाली, ओट्याचं देवघर झालंय, आता त्याच्यापुढं नारळ तेवढा फोडायचा राहिला. स्वप्नील म्हणाला, आई असती तर तिलाही हात लावू दिला नसता तुम्ही.

रात्री जेवलो नाही. भूकच नव्हती.

१६ फेब्रुवारी

ओट्यावर आता एकही नवा डाग नाही. काळजी घेतली की संगमरवर टिकतो, हे सिद्ध झालं. श्राद्धाचा स्वयंपाक मात्र याच ओट्यावर होईल. त्यासाठीच केला. प्लास्टिक अंथरायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वर्षश्राद्ध झालं.

सुंदराची धाकटी बहीण गोदा पहाटेच लोधिवलीहून आली. तिला ओटा दाखवला. म्हटलं, सुंदराला हवा होता तसा. ती दगडाकडे न बघता पाटाकडे बघत राहिली. मग पीठ घेऊन पडवीत गेली. मी मागोमाग, म्हटलं, अगं, स्वयंपाक आत. शेगडी तिकडे गेल्यापासून मी पडवीत पाऊल टाकलं नव्हतं. तिथे माझा जुना कडप्पा. अक्षदाने तो फेकू दिला नव्हता, नवनाथकडून विटांवर ठेवून घेतला होता. गोदा त्याच्यापुढं जमिनीवर उभी राहून वडे थापत होती. ती उंचीला सुंदराएवढीच आहे. कोपर कुठेही उचलावं लागत नव्हतं.

म्हणाली, दाजी, आक्काला हेच पायजे होतं. चार बोटं खाली. दगड नाय बदलायचा होता तिला.

मी सुप्रियाच्या वास्तुशांतीचं सांगितलं. सुंदरा पांढऱ्या ओट्यावर हात टेकून उभी होती, मी डोळ्यांनी बघितलं.

गोदा म्हणाली, मी होते की तिथं. हात टेकत होता म्हणून टेकून उभी होती. मला बोलली, गोदे, बघ गं, खांदा दुखत नाय.

मी म्हटलं, मला नीट सांगायचं होतं तिने.

गोदा म्हणाली, रोज पाटावर चढून सांगत होती की.

मग अक्षदा म्हणाली, मावशी, कढई तापली. वडे तिथेच तळले. नैवेद्याचं पानही तिथेच वाढलं. सगळे पडवीत जेवले. आतल्या ओट्यावर प्लास्टिक तसंच होतं.

२४ फेब्रुवारी

प्लास्टिक काढलं. फोटो भिंतीवर लावला. डाग दिसतो. नियम रद्द केल्याचं अक्षदाला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पडवीत गेली.

पाट उचलून माळ्यावर ठेवला. मग खाली आणला. कुठे ठेवायचा ते ठरत नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळ

सगळ्यांच्या आधी उठून पडवीत जाऊन चहा केला. कडप्प्यावर. फार वाकावं लागतं. कंबर धरली.

सवय होईल.