पुस्तक वाचून गेलेली बाई

६ जानेवारी

आली एकदाची पुस्तकं! टेम्पोवाल्यानं गठ्ठे फाटकाशीच उतरवले. म्हणाला, "वर चढवून द्यायचं बोलणं झालं नव्हतं." नव्हतं झालं, खरंय. मग मी आणि हे, दोघं मिळून जिना चढलो-उतरलो. प्रत्येक फेरीला ह्यांचं एकच पालुपद — "जरा पातळ लिहायचंस की!"

गठ्ठा फोडला. कागदाचा वास घेतला. 'येते म्हणाली नाही' — आणि खाली माझं नाव. डोळे भरून आले. मग पहिलंच पान उघडलं, तर 'उशीर'चा 'ऊशिर' झालेला! प्रुफं मीच तपासली होती. आता शिव्या द्यायच्या कुणाला?

प्रकाशकांना एवढंच हवं होतं की कादंबरीतल्या बाईनं शेवटी घरी परत यावं. "वाचकांना पचलं पाहिजे, मॅडम." मला नाही आणायचं तिला परत. म्हणून हा सगळा उपद्व्याप पदरमोड करून. घ्या आता पलंगाखाली गठ्ठे!

१० जानेवारी

लेकीचा फोन. माणूस लांब, पण हुकूम अगदी कानाशी. "आई, लिहिणं हे अर्धंच काम झालं. आता तू दिसायला हवीस."

म्हणजे काय, तर मोबाइलसमोर पुस्तक धरून हसायचं. दुपारभर हसले. ह्यांनी चित्रीकरण केलं. नंतर बघते तो काय — ह्यांचा अंगठा फार सुरेख आलाय. त्याच्यामागे कुठेतरी मी आहे.

१५ जानेवारी

पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस आहे, प्रती ठेवून घेतल्या होत्या. पण माझं पुस्तक काही दिसेना. शोधता शोधता सापडलं — गृहसजावटीच्या फळीवर! शेजारी पडदे कसे निवडावेत आणि भिंतींना कुठला रंग द्यावा.

"मुखपृष्ठावर दार आहे ना, मॅडम."

मी म्हटलं, "त्या दारातून बाई बाहेर पडते हो!"

"मग पर्यटनात ठेवू का?"

कपाळावर हात मारून घेतला.

१९ जानेवारी

नातेवाईक नावाची जमात! "आम्हाला काय, तू फुकटच देणार" — असं म्हणत सगळ्यांनी एकेक प्रत नेली. सहीसुद्धा घेतली. पुढे ठणठण गोपाळ. आत्याबाईंना विचारलं, वाचलंत का? तर म्हणाल्या, "अगं, अक्षर केवढं बारीक!" मोबाइलवरचे विनोद मात्र बिनचष्म्याच्या वाचतात.

संध्याकाळी भाऊजींकडे जाऊन आले. सासूबाई पडल्यापासून तिकडेच असतात. धाकट्या जावेला — आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो — प्रत दिली. तिचे हात पिठाचे. तशीच कोपरानं दार ढकलून बाहेर आली, ओढणीला हात पुसले. "अय्या ताई, तुमचं नाव छापलंय!" एवढंच म्हणाली, तोवर आतून सासूबाईंची हाक, बाहेरून भाऊजींची, आणि दोघा मुलग्यांपैकी कुणाचा तरी मोजा हरवलेला. मुलगे कॉलेजात जातात. मोजा शोधायला अजून आई लागते.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमच्यावर काही लिहिलं नाहीत ना? मग ठीक."

२ फेब्रुवारी

वाचनालयात माझं अभिवाचन. सचिव म्हणाले होते हॉल भरेल. भरला — खुर्च्यांनी. पहिल्या रांगेत हे. मधे एक आजोबा, ते वर्तमानपत्र वाचायला आले होते, उठायचा कंटाळा केला. मागे एक बाई, शेवटपर्यंत बसल्या. मला बरं वाटलं. नंतर कळलं, हॉलची किल्ली त्यांच्याकडे होती.

प्रश्न एकच आला. आजोबांचा. "यातली घर सोडून जाणारी बाई म्हणजे तुम्हीच का?"

मी तोंड उघडायच्या आत हे उभे राहिले. "छे छे! ही कुठे जात्येय!"

घरी येताना मी मुद्दाम चार पावलं पुढेच चालले.

९ फेब्रुवारी

काही नाही. कोणी नाही. कशाला लिहितो आपण?

१६ फेब्रुवारी

धाकटी गेली.

म्हणजे घर सोडून गेली. सकाळी आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात भाऊजी आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. हातात माझं पुस्तक! ते टेबलावर आपटलं, चहा हिंदकळला.

"घ्या! हेच लिहिलंयत ना तुम्ही? बाई पिशवी उचलते आणि चालती होते! तुम्ही हे आणून दिलंत आणि महिना होतो न होतो तोच ही गेली!"

हे म्हणाले, "अरे, गेली म्हणजे कुठे गेली? माहेरी असेल."

"माहेरी नाही. मैत्रिणीकडे नाही. फोन बंद. जाण्याआधी एवढं पाठवलं." मोबाइल पुढे केला. धाकटीचा निरोप होता — 'मी बरी आहे. शोधू नका. आईंची पांढरी गोळी जेवणाआधी, गुलाबी नंतर. मुलांना समजावून सांगा.'

भाऊजी खुर्चीत बसले ते बसलेच. आधी संताप, मग एकदम पोरासारखे रडायला लागले. "मी हात नाही उगारला कधी, वहिनी. दारू नाही, काही नाही. मग का?" ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू पिशवी मीच भरून दिली.

खरं सांगते. इथे तरी खरं लिहायला हवं. धाकटीची काळजी वाटलीच. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्यांदा मनात आलं ते हे — कुणीतरी वाचलं!

१८ फेब्रुवारी

सासूबाई आमच्याकडे आल्या. भाऊजींना रजा नाही, मुलांना जमत नाही. ह्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, नुसतं सांगितलं. माझ्या लिहायच्या खोलीत त्यांचा पलंग. गठ्ठे गेले बाल्कनीत.

"मोठी सून काय करते कोण जाणे, दिवसभर लिहीत बसते म्हणे," असं सासूबाई भिंतीला सांगतात. भिंत माझ्यापेक्षा चांगलं ऐकते.

२३ फेब्रुवारी

बातमीला पाय फुटले. फुकट नेलेल्या प्रती आता कपाटांतून बाहेर निघाल्या आहेत! आत्याबाईंचा फोन — "ते कुठल्या पानावर आहे गं?" अक्षर अचानक मोठं झालं वाटतं. मावससासूबाई म्हणाल्या, आमच्या सुनेच्या हाती लागू देणार नाही. सुनेनं दुकानातून विकत घेतलं.

दुकानदाराचा फोन. "मॅडम, अजून पाठवा. पुढच्या टेबलावर मांडलंय." पडद्यांपासून सुटका झाली एकदाची.

लेक मात्र वैतागली. "आई, काकू कुठे आहे ते बघा आधी! पुस्तकाचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, मी कुठे काय घेऊन बसलेय? लोकच घेतायत. ती फोन ठेवताना म्हणाली, "ऐकू येतंय मला, तुझा आवाज खूश आहे."

आगाऊ कार्टी.

२७ फेब्रुवारी

मोबाइलवर पुस्तकांच्या गप्पांचा कार्यक्रम करणारी एक मुलगी — तिला ऐकणारे पुष्कळ आहेत — तिनं मुलाखतीला बोलावलं. आधी मी तीन वेळा कळवलं होतं, तेव्हा उत्तर नव्हतं. आता म्हणते, "मॅडम, तुमच्याबद्दल फार ऐकलंय!" काय ऐकलंय ते मला कळत होतं.

निघताना हे म्हणाले, "घरातलं घरात राहू दे." मी म्हटलं, मला अक्कल आहे.

छोटीशी खोली, भिंतींना स्पंज लावलेले, कानावर ते जाडजूड हेडफोन. अर्धा वेळ बरं चाललं होतं. मग तिनं विचारलं, "पुस्तकानं खरंच कुणाचं आयुष्य बदलतं का हो?"

आणि मी बोलून गेले. "माझ्या अगदी जवळच्या एका बाईनं हे वाचलं, आणि पिशवी घेऊन घराबाहेर पडली." नाव नाही घेतलं. नातं नाही सांगितलं. पण मुलीचे डोळे असे चमकले की मी पुढेही बोलत राहिले. धाकटीचे पिठाचे हात सांगितले. मोजा सांगितला. पुस्तक हातात घेतल्यावर ती कशी गप्प झाली, हेसुद्धा. ते तर घडलंच नव्हतं!

२ मार्च

मुलाखतीचा तेवढाच तुकडा वाऱ्यासारखा पसरलाय. पलंगाखालचे — आता बाल्कनीतले — गठ्ठे संपले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते हे.

भाऊजी आले होते. चप्पलसुद्धा काढली नाही. दारातूनच म्हणाले, "आमच्या घराची राख झाली वहिनी, आणि तुम्ही तिच्यावर भांडी घासून लखलखीत केलीत."

लिहिणारी मी, आणि असं वाक्य सुचतं ह्यांना! पण तोंड वर करून बघवलं नाही.

हे जेवले, ताट उचललं, गेले.

५ मार्च

लिहायला बसले. सासूबाईंनी चमचा पेल्यावर वाजवला. उठले.

६ मार्च

पांढरी आधी, गुलाबी नंतर. आज उलट झालं. "धाकटी कध्धी चुकत नाही," असं ऐकून घेतलं. कालपर्यंत तिला नावं ठेवत होत्या!

८ मार्च

आंघोळ, कपडे, पथ्याचं वेगळं, ह्यांचं वेगळं, भाऊजींचे आणि मुलांचे डबे — ते कुणी माझ्या गळ्यात घातले हे विचारायचं राहूनच गेलं. धाकटीचा मुलगा डबा न्यायला आला आणि विचारतो कसा, "मोठीआई, माझी निळी फाइल कुठे असेल?" मी म्हटलं, तुझ्या घरात, बाबा! मी कधी पाहिलीसुद्धा नाही ती! तर तो तिथेच उभा. मग हळूच म्हणाला, "आई बरी असेल ना?"

त्याला जवळ घेतलं. 

१० मार्च

वाचक बायकांचे निरोप येतायत. अपेक्षा होती स्तुतीची. आहे थोडी. पण बहुतेकींचा प्रश्न एकच — 'त्या बाई आता कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?'

ज्यांनी तिला पाहिलेलं नाही, त्या विचारतायत. आम्ही सगळे पुस्तकावरून भांडत बसलो. भाऊजी 'का गेली' म्हणून रडले. हे अब्रू गेली म्हणून. सासूबाई गोळ्या चुकतात म्हणून. आणि मी मुलाखत देऊन आले. कुठे जेवत असेल, कुणाकडे झोपत असेल, याची काळजी फक्त माझ्या लेकीला आणि धाकटीच्या पोराला.

फोन लावला. बंद. निरोप लिहिला — 'धाकटे, पैसे लागले तर सांग. परत ये म्हणणार नाही.' गेला की नाही कळायला मार्ग नाही.

१२ मार्च

छापखानेवाले दुसऱ्या आवृत्तीच्या गडबडीत. म्हणतात, "मॅडम, मागच्या पानावर एक ओळ टाकू या — 'हे वाचून एका गृहिणीनं घर सोडलं.' हातोहात जाईल." मी म्हटलं, विचार करते. तेवढ्यात दूध उतू गेलं, तिकडे चमचा वाजायला लागला, दारात मुलगा डब्यासाठी. छापखानेवाले फोनवर, "मग टाकू ना? टाकू ना?"

"टाका हो, टाका!" म्हटलं आणि ओटा पुसायला धावले.

हे दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं.  फडकं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः ओटा पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं.

१५ मार्च

छापखान्यात स्वतः गेले, ती ओळ काढायला लावली. कारण विचारलं, नाही सांगितलं.

सकाळी धाकटीचा फोन आला होता. बरी आहे. एका वसतिगृहात स्वयंपाकाचं बघते, राहायला खोली आहे. डबा न्यायला आलेल्या मुलाशी बोलली. मग मला म्हणाली, "ताई, तुमची मुलाखत इथल्या पोरींनी लावली होती. रागावू नका हं, पण मी तुमचं पुस्तक उघडलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, एक पानसुद्धा नाही?

"अहो, वाचायला वेळ मिळाला असता, तर घर कशाला सोडलं असतं?"